खिडकी कोणाची?

रविवारी सकाळी साडेनऊला ठकूच्या अर्जाची अकरा पानं जेवणाच्या टेबलावर पसरली होती आणि तिची आई पेन्सिल घेऊन त्यांच्यावर तुटून पडली होती.

ठकू हे नाव फक्त घरातलं. चव्वेचाळीस वर्षांच्या, दुहेरी भिंगाचा चष्मा लागलेल्या, संगणकशास्त्राच्या संशोधन संस्थेत सतरा वर्षं काढलेल्या बाईला ठकू म्हणणारी माणसं जगात दोनच उरली होती, आई आणि मावशी. संस्थेच्या दप्तरी ती 'सहयोगी संशोधक' होती, आणि गेली अकरा वर्षं तीच होती. मागून आलेले पुढे जाऊन प्राध्यापक होऊन बसले, त्यांना स्वतंत्र खोल्या मिळाल्या, खोल्यांच्या दारांवर पाट्या लागल्या. ठकूचं टेबल जिन्याजवळ होतं ते जिन्याजवळच राहिलं. या वर्षी पहिल्यांदाच तिने वरच्या जागेसाठी अर्ज लिहिला होता. द्यायची शेवटची तारीख पुढच्या महिन्यातली दहा.

आई चौतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासायची. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती. औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, लिफ्टमधली सूचना, लग्नपत्रिका, वाण्याची पावती, तिच्या तावडीतून काही सुटत नसे. एकदा दवाखान्यात रक्तदाब मोजून घेताना तिने समोरच्या फलकावरची चुकलेली वेलांटी डॉक्टरांना दाखवली होती. डॉक्टर म्हणाले, "आजी, बोलू नका, आकडा वाढतोय." आई म्हणाली, "माझा आकडा त्या वेलांटीमुळेच वाढतोय."

"'चाचणी घेण्यात आली,'" आईने आता मोठ्याने वाचलं. "कोणी?"

"आई, शास्त्रात असंच लिहितात."

"शास्त्रात भुतं असतात का? 'करण्यात आले', 'घेण्यात आली', 'आढळून आले'. पानभर कामं झालीत आणि माणूस एक दिसत नाही. तुझा अर्ज वाचतेय की सरकारी नोटीस?" समासात तिने छोट्या, गोल अक्षरात लिहिलं, 'कोणी?'

"सारखं मी मी करायला लाज वाटते गं."

"काम करताना नाही वाटली ती?"

ठकू मटार सोलत होती. तिने दोन दाणे तोंडात टाकले आणि उत्तर टाळलं.

"आणि हे बघ. 'आपण ही प्रणाली उभी केली.' आपण म्हणजे कोण? मी पण? मी तर इथे तुझ्यासाठी पोळ्या लाटत होते."

"ते आमच्या सरांच्या तोंडचं आहे. बसलं जिभेवर."

सर म्हणजे ठकूचे विभागप्रमुख. मनाने वाईट नव्हते, उलट गोडच होते. त्यांचं व्याकरण तेवढं सोयीचं होतं. 'आपण हे करून टाकू' म्हणाले की ते ठकूने करायचं असे, आणि 'आपण हे केलं' म्हणाले की ते त्यांनी केलेलं असे. पहिल्या नावाच्या जागी सरांचं नाव, मग ठकूचं, अशी बारा वर्षांची वहिवाट पडली होती. भांडण म्हणावं असं काही कधी झालंच नव्हतं. भांडायला आधी 'मी' लागतो.

"हा 'मध्यंतर'वाल्या बाईंनी वाचला का?" आईने विचारलं.

संस्थेने वर्षापूर्वी एक उपक्रम काढला होता, 'मध्य-कारकीर्द महिला संशोधक मार्गदर्शन उपक्रम'. अधेमधे अडकलेल्या सहा जणींना बाहेरच्या संस्थांतल्या सहा ज्येष्ठ बायका मार्गदर्शक म्हणून नेमून दिल्या होत्या. त्याचं परिपत्रक आईच्या हाती पडलं, तेव्हा ती म्हणाली होती, "मध्य-कारकीर्द? हे काय, मध्यंतर? म्हणजे बायकांनी आता चहा पिऊन यायचा का?" तेव्हापासून त्या सहाही जणी उपक्रमाला 'मध्यंतर'च म्हणत.

"त्यांना पुढच्या आठवड्यात दाखवणार आहे. तुझ्या हातून निघाला की."

"म्हणजे मी चाळणी. बरं." आई पुढे सरकली. कोणी? कोणी? एकदा नुसतंच प्रश्नचिन्ह. मग सहाव्या पानावर पेन्सिल थांबली.

"'दुसरा वाचक छापील ओळ एका लहान खिडकीतून, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतो.'" इतकं हळू ती कधी वाचत नसे. समासात तिने लिहिलं, 'कोणाची?' आणि चष्म्याच्या वरून लेकीकडे पाहिलं. "ही खिडकी कोणाची गं?"

इथे सात वर्षं मागे जायला हवं.

तेव्हा ठकूचा गट संगणकाला जुनी वर्तमानपत्रं वाचायला शिकवत होता. पिवळ्या पडलेल्या, शाई उडालेल्या पानांचे फोटो काढायचे आणि यंत्राने त्यातली अक्षरं ओळखायची. यंत्र वाचायचं झकास, पण अर्थाच्या नादी लागायचं. जे दिसत नसेल ते अंदाजाने भरायचं, आणि दिसत असेल तेही अंदाजाने बदलायचं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका बातमीत वीज पडून बैल मेला होता. यंत्राने वाचलं, 'वीजबिल मिळाले'. ठकूने हे घरी सांगितलं तेव्हा आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुझं यंत्र हुशार आहे गं, म्हणून चुकतं. फार हुशार माणसाच्या हाती प्रूफं देऊ नयेत. अर्थ कळला की डोळा आळशी होतो."

मग तिने आपल्या शब्दकोशातून एक पट्टी काढून दाखवली. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची, बोटभर रुंद, मधोमध ब्लेडने कापलेली एक चौकट. छापखान्यात नावं आणि आकडे तपासताना ती ही पट्टी ओळीवर ठेवायची आणि उलटीकडून, शेवटच्या शब्दापासून, एकेक शब्द बघत मागे यायची. उलटं वाचलं की अर्थ लागत नाही आणि अर्थ लागला नाही की डोळा इमानदार राहतो. "याला आम्ही खिडकी म्हणायचो," आई म्हणाली. "तुझ्या हुशार यंत्राला एक अडाणी भाऊ आण. तो खिडकीतून बघेल. दोघांचं जुळलं नाही तिथे समज, पाणी मुरतंय."

ठकूने तो भाऊ आणला. यंत्रात दुसरा वाचक घातला. त्याला भाषा शिकवलीच नाही. तो लहानशा चौकटीतून, उलटीकडून, जे दिसेल तेवढंच सांगायचा. दोघांचं पटलं नाही की ती जागा माणसाकडे जायची. ते उभं करायला तिला दोन वर्षं लागली. त्यात तिचं डोकं गेलं, सुट्ट्या गेल्या, पण जिथे पाच चुका व्हायच्या तिथे एक उरली. पुढे अनेक ठिकाणी ती पद्धत वापरात आली. आणि 'खिडकी' हा शब्द संगणकवाल्यांत आधीपासूनच होता. माहितीचा मर्यादित तुकडा एका वेळी बघायचा असेल तर सगळेच तसं म्हणतात. त्यामुळे ही खिडकी कुठून आली, हे कोणी विचारलंच नाही. आईची पट्टी त्या शब्दात साखर विरघळावी तशी विरघळून गेली.

एकदाच विचारलं होतं, सरांनी, अगदी सुरुवातीला. "कुठून सुचलं हे?" ठकू म्हणाली होती, "वाचनातून." तिच्या क्षेत्रात 'माझ्या आईने सांगितलं' असं म्हणणारी बाई कुठल्या तोंडाने पुढे बसणार, असं तिला तेव्हा वाटलं. आधीच बायकांच्या कामाला 'कोणाची तरी मदत असेल' म्हणतात. त्यात आपणच पुरावा कशाला द्या! आणि आईची खिडकी यंत्रात गेली, हे घरी सांगायचं ते राहिलं. आज सांगू, उद्या सांगू, शोधनिबंध छापून आल्यावर सांगू. मग इतके दिवस झाले की सांगणं म्हणजे कबुली झाली असती.

"अगं, झोपलीस का? ही खिडकी कोणाची?"

"तो तांत्रिक शब्द आहे, आई," ठकू म्हणाली. "आमच्याकडे सगळेच वापरतात."

आईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. रागाने नाही. एखाद्या शब्दाची शंका यावी, शब्दकोश उघडावा आणि शब्द तिथे नसावा, तसं पाहिलं.

"अस्सं," ती म्हणाली.

मग तिने खोडरबर घेतलं, 'कोणाची?' खोडलं, फुंकर मारून चुरा उडवला आणि 'खिडकी'च्या खाली शेजारीशेजारी तीन टिंबं दिली. ही छापखान्यातली जुनी खूण. लेखकाचा शब्द चुकीचा वाटला आणि मग तो तसाच ठेवायचं ठरलं, की खाली टिंबं द्यायची. तिचा अर्थ, 'असू द्या'.

सातव्या पानाअखेर आईने पेन्सिल ठेवली. "उरलेली चार उद्या. डोळे दमले. आणि येताना खोडरबर आण, हे नखाएवढं झालंय."

संध्याकाळी दोघींनी मटारभात खाल्ला, स्वयंपाकघरातला उडालेला बल्ब बदलला, बल्बच्या खोक्यावर एक काना जास्त सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले तरी आई उठली नाही. ठकू हाक मारायला गेली, तेव्हा चष्मा उशाशी घडी करून ठेवलेला होता आणि आईचा चेहरा अगदी निवांत होता. सगळं वाचून झालं, आता छापा, असा.

*

मावशी आली आणि घर तिने हातात घेतलं. ती आईपेक्षा सहा वर्षांनी लहान, बोलायला दहा वर्षांनी मोठी. वर्तमानपत्रात द्यायची चार ओळींची बातमी तिनेच लिहिली आणि ठकूपुढे धरली. 'दुःखद निधन' अशी सुरुवात होती.

ठकूने पेन्सिल घेतली आणि 'दुःखद' खोडलं.

"अगं ठके!" मावशी म्हणाली.

"ती नेहमी म्हणायची ना. सुखद निधन कोणी पाहिलंय? मग दुःखद कशाला लिहायचं, जागा अडते."

मावशी तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम फिसकन हसली. हसता हसता रडली, आणि ठकूही. त्या आठवड्यात दोघींना पहिल्यांदाच मोकळा श्वास मिळाला. "कोणाकडून काही करून घेतलं नाही तिने शेवटी," मावशी नाक पुसत म्हणाली. "अंथरूण नाही, दवाखाना नाही. भाग्याची." ठकूने मान हलवली. ते खरंच होतं. ते समाधान होतंच. पण समाधानात एक कुसळ होतं, आणि ते कुठे बोचतंय हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

अर्जाची पानं तिने टेबलावरून उचलली आणि खणात टाकली. यंदा राहू दे, असं ठरवलं. आईच्या पेन्सिलीने भरलेली पानं बघवत नव्हती, आणि न बघता अर्ज पुरा होत नव्हता.

आठव्या दिवशी फोन आला. मार्गदर्शक बाईंचा. साठी उलटलेल्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या प्राध्यापक. कपड्यांना आणि वाक्यांना सारखीच कडक घडी, म्हणून मध्यंतरातल्या सहा जणींनी त्यांचं नाव इस्त्रीबाई ठेवलं होतं.

"अर्ज कुठाय?"

"मॅडम, माझी आई गेली."

"कधी?"

"मागच्या सोमवारी."

"जेवतेस का?"

"हो."

"झोप?"

"येते थोडी."

"मग गुरुवारी ये. जसा असेल तसा अर्ज घेऊन ये."

"मॅडम, मला वाटतं यंदा नको…"

"तुला काय वाटतं ते गुरुवारी सांग. फोनवर वाटण्याला मी किंमत देत नाही."

*

इस्त्रीबाईंची खोली लहान होती. एक खिडकी, एक किटली, दोन खुर्च्या, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली पुस्तकं, कारण कपाटं कधीच भरली होती. 'वाईट वाटलं' वगैरे काही न बोलता त्यांनी चहा पुढे केला, पानं घेतली आणि वाचायला लागल्या. दुसऱ्या पानावर त्यांच्या भुवया वर गेल्या. चौथ्यावर ओठाचा कोपरा हलला. पाचव्या पानाला त्या चक्क हसल्या. इस्त्रीबाईंना हसताना ठकूने पहिल्यांदाच पाहिलं.

"ही 'कोणी?' विचारणारी कोण? मी सहा महिने तुझ्याशी डोकेफोड करतेय, ती या बाईने एका शब्दात केली. हिला मी कामावर ठेवते."

"माझी आई," ठकू म्हणाली. "होती."

इस्त्रीबाईंनी पानं अलगद खाली ठेवली. मग बोटाने मोजायला लागल्या. "एकोणीस वेळा 'कोणी?' आहे. ही पेन्सिल घे. प्रत्येकापुढे उत्तर लिहायचं. एका शब्दात."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या जन्मी. आत्ता."

ठकूने लिहायला घेतलं. चाचणी कोणी घेतली? मी. पहिला वाचक कोणी दुरुस्त केला? मी. आकडेवारी कोणी गोळा केली? इथे ती अडखळली, मग लिहिलं, 'दोन विद्यार्थी, रचना माझी.' प्रणाली कोणी उभी केली? तिने 'सर' लिहिलं.

"खरं?" इस्त्रीबाईंनी विचारलं.

"सर तेव्हा आठ महिने रजेवर होते."

"मग ते रजेवर असताना त्यांच्या भुताने उभी केली का?"

ठकू दचकली. भूत हा आईचा शब्द. तिने 'सर' खोडून 'मी' लिहिलं. एकोणिसांपैकी पंधरा ठिकाणी शेवटी 'मी' आलं. शेवटाशेवटाला हात भराभर चालत होता आणि गंमत म्हणजे लाज वाटत नव्हती. वाटत होतं ते वेगळंच. कपाट आवरताना आपलीच हरवलेली वस्तू सापडावी, तसं.

"बघ," इस्त्रीबाई म्हणाल्या. "तुझ्याबद्दल मी चार जणांना विचारलं. चौघेही म्हणाले, फार चांगली बाई. यंत्रखोलीचं वेळापत्रक ती लावते, नव्या मुलांना ती सांभाळते, सरांची भाषणं ती लिहून देते. चांगली, चांगली. पोरी, कामाच्या जागी 'चांगली' म्हणजे 'स्वस्त'. वेळापत्रकावर कोणी प्राध्यापक होत नाही. ते उद्यापासून दुसऱ्या कोणाकडे तरी दे."

"सर नाराज होतील."

"होऊ दे. दोन दिवस होतील, तिसऱ्या दिवशी वेळापत्रक शिकतील." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मी तुझ्याएवढी असताना माझं एक काम दुसऱ्याच्या नावावर गेलं. मी वीस वर्षं बोलले नाही. त्याचा मला मोठेपणा वाटायचा. मग कळलं, माझ्या न बोलण्याने माझ्यामागच्या पोरींनाही गप्प बसायची सवय लागली. म्हणून तुमच्या या मध्यंतरात आले. प्रायश्चित्त म्हण हवं तर."

मग त्यांनी सहावं पान पुन्हा उचललं, प्रकाशाकडे तिरकं धरलं आणि समासावरून बोट फिरवलं.

"इथे काहीतरी खोडलंय."

"काही नाही ते."

"'काही नाही'चा एवढा खड्डा पडत नाही. दाबून लिहिलं होतं कोणीतरी." त्या बघत राहिल्या. "'खिडकी'खाली टिंबं पण आहेत."

ठकूने चहाच्या कपाकडे बघितलं.

"मला नको सांगूस," मग त्या म्हणाल्या. आवाजातली घडी थोडी मोडली होती. "पण एक लक्षात ठेव. ज्याला 'हे माझं नाही' म्हणता येतं ना, त्याच्याच 'हे माझं आहे' या म्हणण्याला वजन येतं. मुलाखतीत कोणी विचारलं तर काय बोलायचं, ते ठरवून जा. आणि दहा तारखेच्या आत अर्ज गेला पाहिजे. आईने अर्धं काम करून ठेवलंय, ते खणात टाकायचा तुला हक्क नाही."

अर्ज नऊ तारखेला गेला. एकोणीस 'कोणी?'ची एकोणीस उत्तरं त्यात होती. उरलेली चार पानं ठकूने स्वतः तपासली, आईची पट्टी ओळीवर ठेवून, उलटीकडून. पट्टी शब्दकोशातच होती, 'ख'च्या पानांत. एक काना जास्त सापडला. फक्त सहाव्या पानावरचं ते वाक्य तिने तसंच राहू दिलं. तिथे काय लिहावं, ते तिला सुचलं नाही.

*

मुलाखत सकाळी अकराला होती. लांब टेबल, कागदाच्या टोप्या घातलेले पाण्याचे पेले, समोर पाच जण. मध्ये अध्यक्ष. डाव्या टोकाला सर, कारण विभागप्रमुखांनी हजर राहायचा नियमच होता. उजव्या टोकाला बाहेरून आलेले परीक्षक, पिकल्या केसांचे, कानात यंत्र लावलेले. ठकूच्या फायलीत इतर कागदांबरोबर ती पट्टीही होती. का आणली, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

सुरुवातीलाच अध्यक्षांनी विचारलं, "या प्रणालीवर चार जणांची नावं आहेत. त्यात तुमचा वाटा नेमका काय?"

महिन्यापूर्वी तिने सांगितलं असतं, आपण सगळ्यांनी मिळून केलं. आता ती म्हणाली, "आराखडा मी केला. दोन्ही वाचक मी लिहिले. आकडेवारी माझ्या दोन विद्यार्थ्यांनी गोळा केली. सरांनी निधी आणला आणि शोधनिबंध तपासला."

बाकीच्या चारही माना सरांकडे वळल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आपण तेव्हा… म्हणजे मी तेव्हा रजेवर होतो. त्यांनीच केलंय ते."

एवढंच! बारा वर्षं जो डोंगर आहे असं वाटत होतं, तो नुसता पडदा निघाला. हात लावल्यावर सरकला. पुढचे प्रश्न ठकूला सोपे गेले. चुका पाचावरून एकावर कशा आल्या ते तिने फळ्यावर मांडून दाखवलं, बैलाचा आणि वीजबिलाचा किस्सा सांगितला, पाच जण हसले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "छान," ते म्हणाले. "कोणाला आणखी काही?"

"एकच," पिकल्या केसांचे परीक्षक म्हणाले. "तसं किरकोळ आहे. सहाव्या पानावर खिडकी म्हणताय, ती आपली नेहमीचीच ना? सगळे वापरतात ती?"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. प्रश्नातच उत्तर होतं. टोपण लागलं होतं, खुर्च्या मागे सरकायला लागल्या होत्या. ठकूला जिन्याजवळचं टेबल आठवलं, अकरा वर्षं आठवली. आणि चष्म्याच्या वरून बघणारे दोन डोळे आठवले.

"नाही," ती म्हणाली.

तिने फाइल उघडली, पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. लग्नपत्रिकेचा जाड कागद, मागे अजून अर्धवट सोनेरी अक्षरं.

"ती खिडकी ही आहे. ही छापखान्यात वापरायचे. नावं आणि आकडे तपासायला, उलटीकडून. अर्थ कळला की डोळा आळशी होतो, म्हणून. यंत्राला एक अडाणी भाऊ आणायचा, ही कल्पना माझी नाही. ती कल्पना यंत्रात उतरवली मी. दोन वर्षं लागली. ते काम माझं आहे."

"मग कल्पना कोणाची?"

"माझ्या आईची. ती प्रूफं तपासायची."

परीक्षकांनी पट्टी उचलली, समोरच्या कागदावर ठेवली आणि एका डोळ्याने चौकटीतून बघितलं. "वा," ते स्वतःशीच म्हणाले. मग, "हे अर्जात का नाही?"

अध्यक्षांनी टोपण पुन्हा काढलं.

संस्थेचं पत्र सोळाव्या दिवशी आलं आणि ते चांगलंच होतं. दार असलेली खोली मिळाली, दारावर पाटी आली, आणि पद्धतीवरच्या पुढच्या शोधनिबंधात आभारांच्या नव्हे, तर मूळ कल्पनेच्या ओळीत आईचं नाव छापलं गेलं, एकही चूक न होता. मावशीने तो अंक चार घरी नेऊन दाखवला. पण ठकूच्या खांद्यावरून ओझं उतरलं ते पत्राच्या दिवशी नाही. ते मुलाखतीच्या त्या टेबलापाशी, अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी उतरलं.

"अर्जात नाही, कारण मला लाज वाटली," ती म्हणाली. आवाज हलत नव्हता, याचं तिला नवल वाटलं. "तिने मला विचारलं होतं. समोर बसून विचारलं, ही खिडकी कोणाची. मी म्हणाले, तांत्रिक शब्द आहे. खोटं बोलले. तुझी होती ती."

'तिची' म्हणायचं होतं, तोंडातून 'तुझी' गेलं. चूक तिच्या लगेच लक्षात आली. समोरच्या पाच जणांच्याही आली असावी, कारण कोणी काही लिहीत नव्हतं. ठकूने ती दुरुस्त केली नाही. मनातल्या मनात त्या शब्दाखाली तीन टिंबं दिली आणि पुन्हा, या वेळी खणखणीत आवाजात, म्हणाली, "तुझी होती, आई. तुझीच."